मागितली असती तर...

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आज मी तुम्हाला माझ्याच एका चोरीची गोष्ट सांगणार आहे. चोरी फार मोठी नाही. वीतभर लांबीच्या दोन काड्यांची. पोलिसांत जाण्यासारखी तर मुळीच नाही. पण या दोन काड्यांनी मला जे शिकवलं, ते तीस वर्षं मुलांना शिकवतानाही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. म्हणून ती उघड सांगायची.

मी वर्ध्याची. प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. निवृत्त झाल्यावर पेन्शनच्या कागदांसाठी एका कचेरीत हेलपाटे घालावे लागले. कचेरीचं नाव सांगत नाही, कारण दोष माझा होता. त्या कचेरीच्या पायऱ्यांपाशी जास्वंदीचं एक झाड होतं. दुहेरी पाकळ्यांची, फिकट पिवळी, आतून शेंदरी झाक असलेली फुलं. असा रंग मी आमच्या गल्लीत कुणाकडे पाहिला नव्हता. श्रावण होता. नुकतीच सर येऊन गेली होती. साहेब जेवायला गेलेले, आवारात चिटपाखरू नाही. आणि माझ्या पर्समध्ये लहानशी कात्री. झाडांचं वेड असलेल्या बायकांच्या पर्समध्ये ती असतेच, हे ऐकणाऱ्या भगिनींना वेगळं सांगायला नको.

मनाला समजावायला कारणं भरपूर असतात. सरकारी आवारातलं झाड म्हणजे सगळ्यांचं झाड, त्यात आपलाही वाटा. दोन काड्यांनी झाडाचं काय जातं? उलट छाटलं की झाड जास्त फुटतं. शिवाय मी काही फूल तोडून केसात माळणार नव्हते, झाडच लावणार होते. एकाची दोन झाडं झाली तर वाईट काय? आणि आपल्याकडे म्हणतातच की, चोरून आणलेलं रोप हमखास जगतं. मनीप्लँट तर चोरूनच आणावा म्हणे, विकत आणलेला लाभत नाही! चोरीला इतका मान आपण दुसऱ्या कुठल्या वस्तूच्या बाबतीत देत नाही.

तर मी दोन काड्या कापल्या, रुमालात गुंडाळल्या आणि घरी आणल्या. एक सुकली, एक जगली. पुढच्या पावसाळ्यात तिला फूल आलं. आमच्या भजनी मंडळातल्या अकराही जणी फूल पाहून गेल्या. 'कुठून आणली हो?' असं जिनं तिनं विचारलं आणि मी पत्ता सांगितला. पत्ता सांगताना मला थोडा मोठेपणाही वाटला, खोटं कशाला बोलू?

त्यानंतरच्या वर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला पुन्हा त्या कचेरीत गेले. पायऱ्यांपाशी पाहते तर झाड नाही. गुडघाभर उंचीचं एक वाळलेलं खुंट उभं होतं. शेजारी माळी आळी करत बसला होता. कंत्राटावरचा माणूस, साठीला टेकलेला. मी विचारलं, 'भाऊ, इथे जास्वंद होती ना?'

तो म्हणाला, 'व्हती ना जी. लोकायनं नेली.'

मग त्यानं सांगितलं. गेलं वर्षभर जो तो येऊन काडी मोडून न्यायचा. पावसाळ्यात झाड सावरत होतं, नवी फूट धरत होतं. पण लोक उन्हाळ्यातही थांबले नाहीत. आमच्या वर्ध्याचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. पानांची सावली गेली, उघडं पडलेलं खोड भाजलं, आणि झाड गेलं. साहेबांनी माळ्याला विचारलं, 'झाड वाळलंच कसं? पाणी घालत नव्हतास?' त्याच्या दोन दिवसांच्या मजुरीचे पैसे कापले गेले.

मी काही न बोलता दाखला दिला आणि बाहेर पडले. रिक्षात बसल्या बसल्या हिशेब सुरू झाला. मंडळात आम्ही अकरा जणी. त्यांतल्या सात-आठ जणींच्या दारात आता ती पिवळी जास्वंद होती. त्यांच्या बहिणी, भावजया, शेजारणी वेगळ्याच. त्या माणसाला वाटत होतं झाड 'लोकांनी' नेलं. ते 'लोक' कोण, हे मला पक्कं माहीत होतं.

आठ दिवस मला बरं वाटलं नाही. भाचीला द्यायला मी त्याच जास्वंदीची दोन रोपं पिशवीत करून ठेवली होती. ती घेतली आणि गेले. म्हटलं, 'भाऊ, ते झाड मी संपवलं. पहिली काडी मी नेली आणि पत्ताही मीच सगळ्यांना दिला.' तो थोडा वेळ रोपांकडे पाहत राहिला. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाला, 'बाई, मांगतली असती तं मीच देल्ली असती ना जी. कवा कापाची अन् कुठून कापाची, हे मले समजते.'

आजचं माझं सगळं भाषण म्हणजे या एका वाक्याचा अर्थ लावण्याची खटपट आहे.

आपण समजतो, मागणं म्हणजे निव्वळ सभ्यता. 'घेऊ का?' म्हणायचं, समोरच्यानं 'घ्या' म्हणायचं. पण त्या माळ्याच्या बोलण्यात याहून जास्त काही होतं. मागितलं असतं तर माझ्या कात्रीसोबत त्याचं ज्ञान आलं असतं. त्यानं नंतर मला सगळं दाखवलं. काडी पावसाळा लागल्यावर घ्यायची. कोवळा शेंडा नाही आणि जून लाकूडही नाही, पेन्सिलीएवढ्या जाडीची मधली काडी. तिला तीन-चार डोळे हवेत. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, कारण मुळं बहुधा तिथूनच फुटतात. वरची दोन पानं ठेवून बाकीची काढायची, नाहीतर पाणी पानांवाटे उडून जातं आणि मुळं नसलेली काडी तहानेनं मरते. कापायचं ते झाडाच्या दाट बाजूनं, विरळ बाजूनं नाही. आणि पातं पुसून घ्यायचं. मी पायऱ्यांकडची, हाताला येईल ती काडी घाईघाईनं कापली होती. चोराला झाडाभोवती फिरून बघायला वेळ कुठे असतो?

पातं पुसण्याची गोष्ट साधी वाटते, पण आपल्या जिल्ह्यातल्या संत्रा बागाईतदारांना तिची किंमत ठाऊक आहे. आर्वी, आष्टी, कारंजा भागातले शेतकरी संत्र्याची कलमं जंबेरीच्या खुंटावर डोळा भरून करतात. डोळा ज्या झाडाचा, त्या झाडाचे गुण कलमात येतात आणि त्याचे रोगही येतात. ग्रीनिंग किंवा ट्रिस्टेझासारखे रोग डोळ्यातून नव्या बागेत जातात. म्हणून जाणता माणूस डोळकाडी कुठल्याही झाडाची घेत नाही, खात्रीच्या मातृवृक्षाचीच घेतो. रस्त्यावरून जाता जाता मोडून आणलेल्या फांदीला असा कुणी जामीन नसतो. जास्वंदीच्या काडीबरोबर पिठ्या ढेकूण घरी आणून सगळ्या कुंड्या गमावणारे लोक मी पाहिले आहेत.

दुसरी गोष्ट मोजणीची. 'एका काडीनं काय होतं?' हा प्रश्न चुकीचा नाही, अपुरा आहे. एका काडीनं खरंच काही होत नाही. पण सार्वजनिक झाडापुढे एक माणूस कधीच उभा नसतो. त्याच्यामागे एक रांग असते आणि रांगेतला प्रत्येक जण म्हणत असतो, 'मी एकच तर घेतोय.' घरच्या झाडाची फांदी शेजारणीला देताना आपण नकळत मोजतो. 'यंदा दोन दिल्या, आता पुढच्या वर्षी.' सार्वजनिक झाडाच्या वतीनं ही मोजणी कोण करणार? तिथे मोजणारा एकच असतो, माळी. आणि आपण नेमकी त्याचीच पाठ वळायची वाट पाहतो.

आता, वर्ध्यासारख्या गावात राहून या विषयावर बोलताना सेवाग्रामची आठवण येणार नाही असं होत नाही. गांधीजी 1936 साली शेगावला राहायला आले. त्या गावाला सेवाग्राम हे नाव पुढे 1940 साली मिळालं. आश्रमात गेलात की बापूंनी लावलेला पिंपळ आणि कस्तुरबांनी लावलेली बकुळ दाखवतात. तिथे दुरून दुरून माणसं येतात. त्यांतल्या प्रत्येकानं 'आठवण म्हणून' एकेक डहाळी नेली असती तर आज आपल्याला दाखवायला काय उरलं असतं? भक्तीनं नेलेली फांदीसुद्धा झाडाच्या अंगावरूनच जाते.

गांधीजींची याविषयीची शिस्त फार बारीक होती. मीराबेननी 1929 साली 'यंग इंडिया'त एक प्रसंग लिहिला आहे. पिंजण्याच्या धनुकलीच्या तातीवर घासायला बाभळीची थोडी पानं हवी होती. रात्रीची वेळ. एक स्वयंसेवक मूठभर पानांची डहाळी घेऊन आला. मीराबेननी पाहिलं तर पानं मिटलेली होती. त्यांनी ती बापूंना दाखवली. बापूंना दोन गोष्टींचं वाईट वाटलं. झाडं झोपलेली असताना त्यांना हात लावला याचं, आणि चार पानांचं काम असताना एवढी मोठी डहाळी मोडली याचं. आपल्या आजीनं दिवेलागणीनंतर तुळशीला हात लावू दिला नाही, त्याच्याशी हे किती जवळचं आहे पाहा. या मीराबेन गांधीजींच्याही आधी शेगावात येऊन राहिल्या होत्या. आज आपण जिला बापू कुटी म्हणतो, ती मूळची त्यांचीच.

दुसरी आठवण काकासाहेब कालेलकरांची. आपले साताऱ्याचे काकासाहेब 1930 साली येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींबरोबर होते. तिथेही पिंजणीसाठी कडुनिंबाची चार-पाच पानं हवी होती. काकासाहेबांनी अख्खी डहाळी आणली. गांधीजी म्हणाले, ही हिंसा झाली. पानं हवी तेवढीच तोडावीत आणि तीही झाडाची क्षमा मागून. तुरुंगात कडुनिंबाला काय तोटा? पण दातणाची काडीसुद्धा ते एकदा वापरून फेकू देत नसत. कुंचा झालेलं टोक कापायचं आणि दुसऱ्या दिवशी तीच काडी पुन्हा वापरायची.

याच तुरुंगवासात गांधीजींनी आश्रमातल्या व्रतांवर पत्रं लिहिली. दर मंगळवारी एक, म्हणून त्यांच्या पुस्तकाचं नाव 'मंगल प्रभात'. त्यातलं अस्तेयावरचं, म्हणजे चोरी न करण्यावरचं पत्र मी या प्रकरणानंतर पुन्हा वाचलं आणि जागीच थांबले. त्यांचं म्हणणं असं की, एखादी वस्तू कुणाचीच नाही असं समजून उचलणं हीसुद्धा चोरी आहे. वाटेवर सापडलेली वस्तू राजाची किंवा त्या ठिकाणच्या सत्तेची असते. आणि पुढची पायरी तर आणखी अवघड. परवानगीनं घेतली, पण खरी गरज नसताना घेतली, तरी तीही चोरीच.

या कसोटीवर माझी जास्वंद दोनदा नापास होते. विचारलं नाही आणि गरजही नव्हती.

गरजेचा हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्यानं आपला ढोंगीपणा उघडा पडतो. रस्त्याकडेच्या सुबाभळीचा पाला शेळ्यांसाठी ओढणाऱ्या बाईला आपण हटकतो. वाळक्या काटक्यांची मोळी नेणाऱ्या म्हातारीकडे चोरासारखं पाहतो. तिची त्या दिवशीची चूल त्यावर पेटायची असते. आणि आपण चांगल्या घरचे लोक, कुंडीला शोभा यावी म्हणून कात्री काढतो आणि त्याला छंद म्हणतो. कायदा दोघांना सारखा असेल, पण मनाच्या तराजूत दोन्ही पारडी सारखी नाहीत.

कायद्याचंही थोडं सांगते. महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी 1975 सालचा कायदा आहे. त्यात झाड 'तोडणं' याचा अर्थ बुंध्यावर कुऱ्हाड घालणं एवढाच नाही, झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणंही त्यात येतं. एका काडीसाठी कुणी खटला भरणार नाही, हे मलाही कळतं. पण जंगलाची गोष्ट वेगळी. आपल्या जिल्ह्यातलं बोर हे 1970 पासून अभयारण्य आणि 2014 पासून व्याघ्र प्रकल्प. तिथून परवानगीवाचून फांदी, साल, बी, कंद काहीही आणता येत नाही. सहलीला गेलेली मंडळी तिथली एखादी वेल 'घरी लावून बघू' म्हणून पिशवीत घालतात. ती वेल तिथल्या कुठल्या फुलपाखराचं घर असते, तिच्या फळांवर कोण जगतं, हे आपल्याला ठाऊक नसतं. तिथे विचारायला माळी नाही, म्हणून तिथे हात आवरलेलाच बरा.

करोनाच्या काळात, 2020 नंतर, गुळवेलीचं काय झालं ते तुम्ही पाहिलं असेल. काढ्यासाठी जो तो गुळवेल शोधू लागला. त्यातही कडुनिंबावर चढलेली वेल अधिक गुणाची म्हणून रस्त्यावरच्या निंबांवरच्या वेली ओरबाडल्या गेल्या. गुळवेल मोठी चिवट. खालून कापली तरी वरून दोऱ्यासारखी मुळं सोडते, ती मातीला टेकतात आणि वेल पुन्हा जगते. म्हणून तर तिला अमृता म्हणतात. पण वरची वेल खेचून काढली तर अमृता तरी काय करणार? गंमत अशी की, गुळवेलीची एक काडी मातीत खोचली तरी लागते. ओरबाडणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी एक काडी दारात लावली असती तर दुसऱ्यांदा जावंच लागलं नसतं.

आपल्या सणांचंही तसंच. वटपौर्णिमेला वडाच्या फांद्या घरी आणून पुजायच्या, दसऱ्याला आपट्याच्या डहाळ्या ओरबाडून 'सोनं' वाटायचं. पूजा ज्याची करायची त्यालाच तोडून आणायचं, हे कुठल्या शास्त्रात बसतं? जुनी वैद्यमंडळी औषधी वनस्पती आणायला जाताना आदल्या दिवशी तिला आमंत्रण देऊन येत, असं सांगतात. अंधश्रद्धा म्हणून सोडून द्या हवं तर. पण आदल्या दिवशी जाऊन आलेला माणूस झाड नीट पाहून येतो, किती घ्यायचं ते ठरवून येतो, हे तर खरं ना?

जगातही हा प्रश्न लहान नाही. हेन्री विकहॅम नावाच्या इंग्रजानं 1876 साली ब्राझीलमधून रबराच्या झाडाच्या सुमारे सत्तर हजार बिया लंडनच्या क्यू उद्यानात नेल्या. त्यातून झालेली रोपं आशियात आली, मलायात मळे उभे राहिले आणि ब्राझीलचा रबराचा व्यापार बसला. कुणी त्याला धाडस म्हणतात, कुणी चोरी. त्याच क्यू उद्यानात 2014 च्या जानेवारीत चोरी झाली. रवांडातल्या एका गरम झऱ्याकाठची, जगातली सगळ्यात लहान कमळजातीची वनस्पती कुणीतरी मातीतून उपटून नेली. निसर्गातून ती नाहीशी झाल्याचं तेव्हा मानलं जात होतं आणि तिथल्या लोकांनी ती मोठ्या कष्टानं वाढवली होती. नेणारा झाडांचा शत्रू नसणार. बहुधा झाडांचा वेडाच असणार, माझ्यासारखा.

याच्या उलट एक सुंदर गोष्ट आपल्या शेजारी नागपुरात आहे. सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन श्रीलंकेत गेली आणि ती अनुराधपूरला लावली गेली, असं परंपरा सांगते. शतकानुशतकांनी त्या अनुराधपूरच्या वृक्षाची रोपं दीक्षाभूमीवर आली. ती आणणारे भदंत आनंद कौसल्यायन. काही वर्षं त्यांनी आपल्या वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीत काम केलं होतं. म्हणजे दिलेली फांदी समुद्र ओलांडून गेली आणि परतही आली. कुणी रात्री कात्री घेऊन गेलं असतं तर झाड कदाचित तेच लागलं असतं, पण ही गोष्ट लागली नसती.

आता कुणी म्हणेल, 'बाई, तुम्ही काडीचं काय घेऊन बसलात? रस्ते रुंद करताना शंभर वर्षांची झाडं आडवी होतात.' खरं आहे. वर्धा-सेवाग्राम रस्त्यावरची जुनी झाडं 2020 साली तोडायला घेतली तेव्हा इथले लोक आणि संस्था विरोधाला उभ्या राहिल्या. तो विरोध कशाच्या बळावर होता? ही झाडं आम्हा सगळ्यांची आहेत, आम्हाला न विचारता तुम्ही ती तोडू शकत नाही, या बळावर. मग तेच वाक्य आपल्या कात्रीलाही लागू होतं. 'सगळ्यांचं' या शब्दाचा अर्थ कुऱ्हाडीसाठी एक आणि कात्रीसाठी दुसरा, असं करून चालणार नाही.

पण म्हणून फांदी घेऊच नये का? नाही, असं मी म्हणत नाही. आपल्या अंगणातले निम्मे मोगरे, चाफे, कण्हेरी कुणाच्या ना कुणाच्या फांदीतूनच आल्या आहेत. जुना वाडा पाडायला काढला असेल, त्यातल्या मोगऱ्याची काडी मालकाला विचारून आणणं हे तर पुण्यकर्म. नाहीतर तो वाण त्या वाड्याबरोबरच जायचा. बागेत छाटणी होते तेव्हा ढीगभर फांद्या कचऱ्यात जातात. त्या दिवशी जाऊन मागा, माळी आनंदानं देईल. वादळानं मोडलेली फांदी उचला. फक्त उभ्या झाडापुढे गेलात की तीन प्रश्न स्वतःला विचारा. कुणाला विचारलं का? मला खरंच हवी आहे का? आणि माझ्यामागच्या रांगेतल्या प्रत्येकानं एवढीच घेतली तर झाड उभं राहील का? तिन्हींची उत्तरं बरी आली तर घ्या. आणि लागली तर त्यातलं एक रोप परत द्या.

माझ्या गोष्टीचा शेवट सांगते. त्या माळ्याच्या कापलेल्या मजुरीचे पैसे मी त्याला देऊ केले. वाटलं होतं, तो 'राहू द्या' म्हणेल. त्यानं मोजून घेतले आणि खिशात ठेवले. मला बरं वाटलं. नको म्हणाला असता तर मी क्षमा फुकटात मिळवून घरी आले असते. साहेबांनाही एक कागद लिहून दिला की, झाड पाण्यावाचून गेलं नाही, आमच्यासारख्यांच्या हातांनी गेलं. साहेब हसले, पण कागद ठेवून घेतला.

दोन रोपांपैकी एक पायऱ्यांपाशी लागलं. आता चांगलं कमरेएवढं झालं आहे. भजनी मंडळातल्या बायकांना मी सगळं सांगितलं तेव्हा दोघी-तिघी माझ्यावर रुसल्या. बाकीच्या दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन साठवू लागल्या. पावसाळा लागला की आम्ही त्या पिशव्या माळ्याला नेऊन देतो. तो कचेरीच्या मागच्या भिंतीला लागून सावलीत आठ-दहा काड्या लावतो, त्याच्या हिशेबानं, त्याच्या हातानं. कुणी जास्वंदीपाशी घुटमळताना दिसलं की तो हाक मारतो, 'ओ ताई, थे नका तोडू, मांगं या. रोप देतो.'

गेल्या वर्षी भाचीलाही तिथूनच रोप दिलं. मागून आणलेलं. आणि तुम्हाला सांगते, तेही जगलं.